कळ कुशीत, गडबड पट्टीवर

देवगड तालुक्यातल्या एका मुलीने वडिलांविषयी विचारलं आहे. वडील ६२ वर्षांचे, हापूसची कलमं, रक्तदाबाची एक गोळी चालू, साखर काठावर. मध्यरात्री उजव्या कुशीत कळ उठली. माणूस जमिनीवर गडबडा लोळला, बनियन घामाने चिंब, दोनदा उलटी. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला. नाडी १२८, आणि यंत्राने खाली छापलं: सायनस टॅकिकार्डिया, एसटी-टी अ‍ॅबनॉर्मॅलिटी, पॉसिबल इस्केमिया. म्हणजे ताल सरळ पण नाडी जलद, रेघेत बदल, आणि हृदयाला रक्त कमी पडत असल्याची शंका. 'हार्टचं काहीतरी दिसतंय, थांबू नका' म्हणून रात्रीच गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूर गाठलं. निघताना दिलेल्या इंजेक्शनने वाटेतच कळ उतरली. तिकडचा ईसीजी साफ, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) दोनदा नॉर्मल, सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत सहा मिलिमीटरचा खडा. मुलीचे प्रश्न तीन: पहिला ईसीजी चुकीचा होता का? नुसत्या दुखण्याने ईसीजी बदलतो का? आणि बाबांच्या हृदयाला काही झालंय का?

ईसीजीची पहिली पट्टी खोटी नव्हती. तुमच्या बाबांचं हृदय त्या क्षणी खरोखरच तसं चालत होतं. दुखण्याने ईसीजी बदलतो, कधी कधी चांगला घाबरवण्याइतका बदलतो. आणि ज्यांनी रात्री पाठवलं त्यांच्यावर रागावू नका, त्यांच्या जागी मीही पाठवलं असतं. कारण खाली येईलच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बहुतेक नाही', पण त्या 'बहुतेक'पाशी आपल्याला थोडं थांबावं लागेल.

गेली सव्वीस वर्षं मी याच पट्ट्यात फिजिशियन म्हणून काम करतो. खडा, विंचू, शेंगटी माशाचा काटा, झाडावरून पडणं, भाजणं ही आमची रोजची दुखणी. या सगळ्यांचे ईसीजी काढून काढून एक सवय लागली आहे. पट्टी हातात आली की आधी विचारतो, 'ही काढली तेव्हा दुखत होतं का?' हा प्रश्न न विचारता वाचलेली पट्टी म्हणजे भरती की ओहोटी हे न बघता खाडीची खोली सांगण्यासारखं.

आधी ती पट्टी काढली कशी गेली ते बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. खड्याच्या कळेचा माणूस एका कुशीवर दहा सेकंद टिकत नाही. ईसीजीला मात्र तेवढा वेळ तरी स्वस्थपणा लागतो. दंडाचे, पोटऱ्यांचे स्नायू आवळलेले असतात आणि स्नायूंची वीज हृदयाच्या विजेवर स्वार होते. मग मधली सरळ रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते, आणि यंत्र बिचारं त्यालाच 'एट्रियल फिब्रिलेशन', म्हणजे वरच्या कप्प्यांचा बेताल थरकाप, म्हणून मोकळं होतं. त्यात आमच्याकडचा मे महिना. छातीवर घामाचा थर, सक्शनचे रबरी गोळे घसरतात, रेघ लाटेसारखी वर-खाली पोहत जाते. अशा वेळी कापसाने छाती कोरडी करायची, स्पिरिट लावायचं, हातापायांच्या चिमट्यांखाली मऊ टॉवेल ठेवायचा, आणि कळेच्या दोन लाटांमध्ये जी उसंत मिळते तेवढ्यात बटण दाबायचं. नाहीच जमलं तर हातापायांचे इलेक्ट्रोड खांद्याजवळ आणि कमरेजवळ लावता येतात. मात्र तसं केल्याचं पट्टीवर लिहायलाच हवं, कारण त्याने रेघांचा आकार थोडा बदलतो आणि पुढचा डॉक्टर फसतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पट्टी बऱ्यापैकी स्वच्छ आहे. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावतो, म्हणजे एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि एक मोठा ०.२०चा. बाबांच्या दोन ठोक्यांमध्ये दोन मोठे चौकोन आणि वर जेमतेम पावणेदोन बारीक बसतात. म्हणजे प्रत्येक ठोक्याला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ. प्रत्येक ठोक्याआधी वरच्या कप्प्यांची छोटी 'पी' लाट शाबूत आहे. ताल सरळ आहे, फक्त घाईत आहे. छातीच्या डाव्या बाजूच्या लीडमध्ये, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रोडच्या नोंदीत, एसटीची रेघ (ठोक्याच्या उंच सुळक्यानंतरचा तुकडा) एक मिलिमीटर खाली जाते आणि लगेच वर चढते. हे 'लगेच वर चढणं' महत्त्वाचं. खाली जाऊन आडवी पडलेली किंवा आणखी उतरत गेलेली रेघ मला अस्वस्थ करते, चढती रेघ त्यामानाने कमी. नाडी जोरात असली की वरच्या कप्प्यांची 'विजेची आवराआवर' खालच्या कप्प्यांच्या रेघेवर येऊन पडते आणि ती रेघ थोडी खाली ओढते. तेवढ्यासाठी रक्तवाहिनी अडलेली असावी लागत नाही.

अजून एक गंमत त्याच कागदावर आहे. यंत्राने क्यूटीसी ४६७ छापलंय आणि त्याला ताऱ्याची खूण केलीय. क्यूटी म्हणजे खालच्या कप्प्यांना विजेने भारून पुन्हा निवायला लागणारा वेळ. नाडी वाढली की तो आपोआप कमी होतो, म्हणून नाडीप्रमाणे दुरुस्त करून बघतात, तो क्यूटीसी. यंत्रं बहुधा बॅझेटचं सूत्र वापरतात. ते १९२० सालचं आहे आणि जलद नाडीत आकडा फुगवून सांगतं. त्याच वर्षीचं फ्रिडेरिशियाचं सूत्र लावलं तर बाबांचा ३२० मिलिसेकंदांचा क्यूटी दुरुस्त होऊन ४१२च्या आसपास येतो. म्हणजे नॉर्मल. शंभर वर्षांपूर्वीच्या दोन सूत्रांपैकी यंत्राने कुठलं घेतलं यावर रात्रीची झोप उडावी, हे काही बरं नाही.

आता दुखणं कुशीत आणि बदल हृदयात, हे जोडलं कसं जातं?

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल तुम्ही. एक जण हाळी देतो आणि त्या तालावर दोरावरची सगळी माणसं ओढतात. हृदयात ही हाळी देणारा एक छोटा गाठोडा उजव्या वरच्या कप्प्यात असतो, सायनस नोड. त्याला कुणी सांगावं लागत नाही, तो स्वतःहून विजेने भारला जातो आणि ठरावीक पातळीला पोहोचला की ठोका सुटतो. मेंदूकडून त्याला दोन तऱ्हेच्या नसा येतात. सिम्पथेटिक नसा म्हणतात 'लवकर', व्हेगस नस म्हणते 'सावकाश'. एरवी व्हेगसचा हात वर असतो, म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या घरात राहते. गाठोडा एकटाच सोडला तर तो शंभरच्या आसपास चालला असता.

कळ उठली की तिचा निरोप मज्जारज्जूतून वर चढतो. तो मेंदूच्या 'दुखतंय' म्हणणाऱ्या भागापर्यंत पोहोचतो, आणि वाटेत मेंदूच्या बुंध्यापाशी, रक्तदाब-नाडीच्या कचेरीतही पडतो. तिथे पहिल्या एक-दोन सेकंदांत व्हेगस हात काढून घेते. मग सिम्पथेटिक नसांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनलिन सुटतं आणि काही सेकंदांनी मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं. सायनस नोड भरभर भारला जाऊ लागतो. वरून खाली वीज जाताना जो मधला नाका लागतो, एव्ही नोड, तिथला थांबा कमी होतो, म्हणून पट्टीवर पीआर, म्हणजे 'पी' लाटेपासून सुळक्यापर्यंतचं अंतर, आखडतं. खालच्या कप्प्यांच्या पेशींत कॅल्शियम जास्त शिरतं, आकुंचन जोरदार होतं. आणि हे कॅल्शियम फार झालं की एखादी पेशी तालाबाहेर स्वतःच ठिणगी टाकते. रापणीत हाळी संपायच्या आत मध्येच कुणीतरी ओरडून दोर ओढावा, तसा. तो एक्टोपिक ठोका. रुग्ण म्हणतो, 'छातीत एकदम गचका बसला.' निरोगी हृदयात असे पाच-दहा गचके आले तरी बिघडत नाही. आधीच जखमी हृदयात मात्र तीच ठिणगी वणवा पेटवू शकते.

याच वेळी अ‍ॅड्रिनलिन आणखी एक काम गुपचूप करतं. रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. साधारण अर्ध्या-पाऊण एककाने ते खाली येऊ शकतं. वर दुखणारा माणूस धापा टाकतो, त्या जादा श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात आणि पोटॅशियम आणखी आत सरकतं. पट्टीवर 'टी' लाट, म्हणजे खालचे कप्पे निवतानाची लाट, चपटी होते, क्वचित उलटीही. तुमच्या बाबांच्या पट्टीवरच्या चपट्या 'टी'चं मूळ मला इथे दिसतं. ते रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर पोटॅशियमची शिल्लक आधीच बेताची असणार. गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, ते एकदा बघून घ्या.

आता वेळेचा हिशोब, कारण साठीपुढच्या माणसाला तो लागू पडतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः तो सैल असतानाच मिळतं. आवळलेला असताना त्याच्या आतल्या वाहिन्या दाबल्या जातात. नाडी ६० असताना मिनिटातले साधारण ४० सेकंद तो सैल असतो. १२८ला हा वेळ २७ सेकंदांच्या आसपास येतो. म्हणजे काम दुप्पट आणि जेवायची सुट्टी दोन तृतीयांशावर. वाहिन्या मोकळ्या असतील तर शरीर निभावून नेतं. कुठे ७०-८० टक्के अरुंद झालेली वाहिनी असेल तर तिच्या पुढचा स्नायू उपाशी राहतो आणि एसटीची रेघ खाली बसते. ही रेघ खोटी नसते. ती दुखण्यामुळे उघडी पडलेली जुनी उणीव असते. मघाच्या 'बहुतेक'चं कारण हेच.

एवढं वाचून कुणाला वाटेल की दुखणं जितकं जास्त तितकी नाडी जास्त. तसं असतं तर आमचं काम फार सोपं झालं असतं.

काही वर्षांपूर्वी सकाळीच एक खलाशी आला. तिशीतला, दांडगा. जाळं साफ करताना शेंगटीचा काटा तळहातात घुसला होता. 'हात कापून टाका डाक्टरानु, पण ह्यो ठणको थांबवा,' म्हणत होता. नाडी किती असेल असं वाटतं? ४८. ओठ पांढरे, कपाळावर गार घामाचे थेंब, आणि मॉनिटरवर दोन ठोक्यांमध्ये चार सेकंदांची सपाट रेघ. शेजारी उभ्या त्याच्या भावाने ती रेघ बघितली आणि तोच आधी खाली बसला. इथे व्हेगस उलट धावली होती. काही शरीरांत तीव्र वेदना, रक्त किंवा सुई बघणं यांनी सुरुवातीला नाडी वाढते आणि मग अचानक कचेरी पूर्ण पलटी खाते. नाडी पडते, वाहिन्या सैल होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाय ईसीजीत नाही, खाटेवर आहे. आडवं करा, पाय उंच करा. त्याला आम्ही तेच केलं, सलाइन जोडलं, आणि हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवला. शेंगटी, वागळी यांच्या काट्यातलं विष उष्णतेने निकामी होतं. पाणी ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास, आणि पाण्याचा कढतपणा दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासायचा, कारण दुखऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. वीस मिनिटांत ठणका निम्म्यावर आला आणि नाडी ७२. पट्टी पुन्हा काढली, अगदी पुस्तकात छापावी अशी.

डोळ्याचंही असंच. विटी डोळ्यावर बसलेली पोरं येतात. डोळा बाहेरून फारसा सुजलेला नाही, पण पोर ओकतंय, सुस्त आहे, नाडी पन्नासच्या खाली. डोळ्याभोवतीच्या नसा आणि व्हेगस यांचा हा थेट धागा १९०८ पासून माहीत आहे. खोबणीच्या तळाचं हाड चिरून त्यात स्नायू अडकला की तो सतत ओढला जातो. अशा पोराला 'उलटीचा त्रास' म्हणून घरी पाठवलेलं मी पाहिलंय. ते पोर लगेच डोळ्यांच्या सर्जनकडे जायला हवं.

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत, आणि त्यातला प्रत्येक माझ्या कामाचा आहे. कळ येते आणि जाते, ती पोकळ नळीची, म्हणजे खडा, आतडं, पित्ताशय. ठणका नाडीबरोबर उडतो, तो गळवाचा, काट्याचा, दाढेचा. चमक मारते ती नसेची किंवा स्नायूची. पोकळ अवयव ताणले की सिम्पथेटिक आणि व्हेगस दोन्ही एकदम जाग्या होतात, म्हणून खड्याच्या रुग्णाला एकीकडे धडधड आणि दुसरीकडे मळमळ, गार घाम. तुमच्या बाबांचं चित्र तंतोतंत हे आहे. माझी तक्रार आहे ती फक्त दोन शब्दांवर, 'गॅस' आणि 'उसण'. छातीत भरलेली उसण म्हणून तेल चोळून घेतलेले किती जण मी उशिरा पाहिले, मोजलेलं नाही.

दुखणं आणि हृदय यांचं गणित सरळ नाही याचा सगळ्यात मोठा धडा कोकणातच लिहिला गेला, तो विंचवावर. गडग्याच्या दगडांत, चिऱ्यांच्या ढिगात, लाकडाच्या मोळीत बसलेला तांबडा विंचू. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचवाने तरणीताठी माणसं आणि लेकरं फुप्फुसात पाणी भरून दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणं टिपली, १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पहिली लक्षणं मांडली आणि १९८६ मध्ये तिथेच प्राझोसिन या औषधाचा उपयोग. ते साधं, स्वस्त, रक्तदाबाचं औषध. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून मोजक्या टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कामातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट ही: विंचू चावल्यावर जो नुसता ठणक्याने बोंबलतो, ज्याला दुसरं काही नाही, त्याच्या हृदयाला सहसा धोका नसतो. धोका असतो तो ज्याचं दुखणं फारसं नाही पण अंग घामाने थबथबलंय, हातपाय गार, तोंडाला लाळ, उलटी, आणि मुलगा असेल तर लिंग ताठर. त्याच्या नसांच्या टोकांतले सोडियमचे दरवाजे विषाने उघडेच ठेवलेले असतात आणि अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पूर येतो. पट्टीवर सुरुवातीला 'टी' लाटा उंच टोकदार, एसटी खाली, मधूनच तालाबाहेरचे ठोके. आणि तो सुधारायला लागला की काट्याच्या जागी पुन्हा ठणका सुरू होतो! आई घाबरून सांगायला येते, 'आता जास्त रडतंय,' आणि आम्ही मनातल्या मनात हुश्श करतो.

इथे एक कानमंत्र तरुण डॉक्टरांसाठी. जलद नाडी दिसली म्हणून बीटा ब्लॉकर (हृदयावरचा अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम रोखणारं औषध) टोचू नका. विंचवात तर मुळीच नाही. हृदयाचा जोर काढून घ्याल आणि आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतील. खड्याच्या किंवा मोडलेल्या हाडाच्या नाडीलाही बीटा ब्लॉकर हा उपाय नाही. दुखणं उतरवा, नाडी आपणहून उतरते. नाही उतरली तर विचारा का नाही. रक्त वाहतंय? ताप? थायरॉइड? की मूळ दुखणंच हृदयाचं?

एका परिस्थितीत मात्र दुखण्याने हृदयाला खरोखर तात्पुरती इजा होते. सत्तरीच्या आजी, अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी छातीत जड वाटतं, ईसीजीत थेट हार्ट अटॅकसारखी एसटी वर, मग चार दिवसांत खोल उलट्या 'टी' लाटा आणि लांबलेला क्यूटी. अँजिओग्राफीत वाहिन्या मोकळ्या. इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या कप्प्याचं टोक फुगून निपचित पडलेलं. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये याला टाकोत्सुबो म्हटलं, त्यांच्याकडच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून. त्या मडक्याचा आकार तोच, गळा अरुंद आणि तळ फुगीर. ऑक्टोपस आपल्या कोळ्यांना नवीन नाही, म्हणून हे नाव मी आमच्या भागात समजावून सांगतो तेव्हा लगेच पोहोचतं. २०१५ मध्ये १,७५० रुग्णांची जी मोठी नोंद प्रसिद्ध झाली त्यात दहापैकी नऊ स्त्रिया होत्या, बहुतेक पाळी गेलेल्या. आणि लोकांना 'दुःखाने हृदय फुटणं' एवढंच माहीत असलं तरी त्या नोंदीत शारीरिक कारणं (३६ टक्के) मानसिक कारणांपेक्षा (२८ टक्क्यांच्या जवळ) जास्त निघाली. बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्वपदावर येतं. पण पहिल्या दिवसांत लांबलेल्या क्यूटीमुळे ताल बिघडू शकतो, म्हणून मॉनिटर हवाच. तुमच्या बाबांच्या बाबतीत हे नव्हतं. ट्रोपोनिन दोनदा नॉर्मल आलं, इथेच ते संपलं.

आता मी 'पाठवलं असतं' का म्हणालो ते. मध्यरात्र, साठीपुढचा माणूस, रक्तदाब, काठावरची साखर, घाम, उलटी, बदललेली पट्टी. दवाखान्यात ट्रोपोनिनची सोय नाही, जुना ईसीजी कुणाकडे नाही. पित्ताशयाची कळ ईसीजीवर हृदयरोगाचं सोंग आणते, स्वादुपिंडाची सूज आणते, आणि उलट, हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक पोटात दुखून, ओकारी येऊन, नाडी मंदावून येतो. मधुमेही माणसाचा तर कधी कधी काहीच न दुखता येतो. मोठं दुखणं आणि निरोगी हृदय, अजिबात दुखणं नाही आणि मेलेला स्नायू, दोन्ही मी एकाच दिवशी शेजारशेजारच्या खाटांवर पाहिलेत. 'दुखण्यामुळे असेल' हे वाक्य शेवटी म्हणायचं असतं, सुरुवातीला नाही.

मात्र एक गोष्ट तिथे करता आली असती. दुखण्याचं इंजेक्शन देऊन पंधरा-वीस मिनिटांनी, गाडी येईपर्यंत, दुसरा ईसीजी. कळ उतरल्यावर नाडी ९०वर आली आणि रेघही वर आली तर तो बदल कळेचा असण्याची शक्यता वाढते. कळ उतरूनही रेघ खालीच राहिली, किंवा कळ नसताना नव्याने बदलली, तर तो हृदयाचा समजून धावायचं. पाठवायचं दोन्ही वेळा, पण घाई किती करायची आणि गाडीत काय तयारी ठेवायची हे त्या दुसऱ्या पट्टीवरून ठरतं. ट्रोपोनिनही एकदा पुरत नाही. ते चढायला काही तास घेतं, म्हणून कोल्हापूरला दोनदा केलं ते योग्यच.

इंजेक्शनांविषयी थोडक्यात. खड्याच्या कळेला डायक्लोफिनॅक उत्तम, पण हार्ट अटॅकची शंका जिवंत असेल तर ते आणि त्याच्या जातीची औषधं टाळावीत. उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन क्यूटी लांबवतं. एकदा दिल्याने सहसा काही होत नाही, पण पोटॅशियम कमी असेल किंवा माणूस आधीच क्यूटी लांबवणारी दुसरी औषधं घेत असेल तर आधी पट्टी बघावी. घरात कुणाला तरुणपणी अचानक, पोहताना किंवा दचकून मृत्यू आला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. जन्मजात लांब क्यूटीच्या घराण्यांत दुखणं, दचकणं आणि अशी औषधं एकत्र आली की ताल फिरू शकतो.

तर बाबांचं पुढे काय. स्नायूला इजा झालेली नाही. पण त्या रात्री त्यांच्या हृदयाची न मागता एक परीक्षा झाली आणि तीत एक मिलिमीटरची शंका राहिली. चढती रेघ असल्याने ती शंका मी लहान धरतो, शून्य नाही. खडा पडून गेला, माणूस चार दिवस नीट जेवला-झोपला की एक शांत ईसीजी, एक इको, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, पोटॅशियम एवढं करून घ्या. बागेतली चढण चढताना छाती भरते का, कलमाखाली फवारणीचा पंप घेऊन चालताना पूर्वीपेक्षा जास्त थांबावं लागतं का, हे त्यांना न विचारता आईला विचारा. बाप्ये खरं सांगत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर ट्रेडमिल करावी की थेट पुढची तपासणी, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. 'नाही' आलं आणि इको चांगला असला तरी साठीला ट्रेडमिल करून घ्यायला माझी हरकत नाही.

सहा मिलिमीटरचा खडा पुष्कळदा आपसूक पडतो, पण पडेपर्यंत कळ परत येऊ शकते आणि पुन्हा अशीच एखादी रात्र उजाडू शकते. म्हणून दोन्ही पट्ट्या जपा. ईसीजीचा कागद थर्मल असतो. आपल्याकडच्या उकाड्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला तर वर्षा-दोन वर्षांत रेघा पुसट होऊन कोरा गुलाबी कागद हातात येतो. आजच त्यांची झेरॉक्स काढा, मोबाइलवर सरळ वरून फोटो घ्या, आणि प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात पेनाने वेळ लिहा. त्याखाली पहिलीवर लिहा 'कळ चालू', दुसरीवर 'कळ थांबल्यावर'.